आधी अनुस्वार, मग सिनेमा

नाशिकहून भाच्याचा मेसेज आला. चार लिंका आणि खाली एक ओळ: ‘मामा, यातला कोणता घेऊ? दिवसा ऑफिस, रात्री मॅच आणि पिक्चर.’ चारही मॉनिटर २७ इंची, चारही काळे, चौघांच्याही फोटोत तोच निळा-जांभळा उसळता रंग. खाली आकड्यांची रांग: कुठे १४४ हर्ट्झ, कुठे १ मिलिसेकंद, एचडीआर, १.६७ कोटी रंग. गुडघा दुखला की जसा डॉक्टर मेहुण्याला फोन जातो, तसा आमच्या घरात मॉनिटर घ्यायचा झाला की मला येतो. मी मुद्रितशोधनाचं काम करतो आणि दिवसाचे आठ-नऊ तास पडद्याकडे बघण्यात घालवतो, तेव्हा पडद्यातलं मला कळत असणार असा समज पसरला आहे. थोडंफार कळतं, तेही चुका करून.

भाच्याला मी उलट विचारलं, “टेबलापासून पलंग किती लांब आहे?” त्याला वाटलं, मामा चेष्टा करतोय.

चेष्टा नव्हती. दोन खोल्यांच्या घरात एकाच मॉनिटरवर दिवसाचं काम आणि रात्रीची करमणूक भागवायची म्हटली की त्या बिचाऱ्याकडे दोन उलट्या मागण्या जातात. दिवसा आपण हातभर अंतरावर बसतो, खिडकीतून उजेड येतो, समोर पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात आणि ती जागची हलत नाहीत. रात्री आपण सहा-सात फुटांवर उशीला टेकतो, दिवे मालवलेले, पडद्यावर निम्मा अंधार आणि सगळं पळतंय. शिवाय दिवसा बघणारा एकटा आणि अगदी समोर. रात्री चौघं, त्यात आईची खुर्ची कायम एका बाजूला. जाहिरातीतला प्रत्येक आकडा या दोन वेळांपैकी एकीच्या कामाचा असतो. कुठल्या, ते खोक्यावर छापत नाहीत.

मी मॉनिटर बघायला जातो तेव्हा पेन ड्राइव्हवर एक पान नेतो. ११ पॉइंटात लावलेला साधा मराठी मजकूर. त्यात ‘ऱ्हस्व’, ‘कुऱ्हाड’, ‘पुरुष’, ‘रूपं’, ‘द्वंद्व’, ‘शुद्ध’, ‘घडा’, ‘धडा’ असे शब्द मुद्दाम पेरलेले. टिळक रोडवरच्या एका दुकानात विक्रेत्या मुलानं माझ्यासाठी धबधबा लावला होता. पाण्याचे तुषार, मग एक पोपट, मग रात्रीचं कुठलं तरी परदेशी शहर. “काका, कलर बघा फक्त.” मी म्हटलं, “कलर छानच आहे. हे पान उघड बरं.” त्यानं उघडलं आणि गोंधळला. यात बघायचं काय? मी त्याला ‘पुरुष’मधला ‘रु’ आणि ‘रूपं’मधला ‘रू’ दाखवला आणि विचारलं, पहिला कोणता, दुसरा कोणता, न वाकता सांग. तो वाकला. मग शेजारच्या मॉनिटरवर तेच पान उघडलं, तिथे त्याला वाकावं लागलं नाही. दोन्ही मॉनिटर २७ इंची होते. किमतीत फरक होता, पण धबधबा दोघांवर सारखाच सुंदर दिसत होता.

फरक ठिपक्यांच्या दाटीचा. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० पिक्सेल. हे २४ इंची पडद्यावर पसरले की इंचाला साधारण ९२ पडतात. तेच २७ इंचांवर पसरले की ८२ उरतात, म्हणजे पडदा मोठा झाला आणि अक्षर भरड झालं. क्यूएचडी, म्हणजे २५६० बाय १४४०, २७ इंचांत इंचाला १०९ देतो. फोरके, ३८४० बाय २१६०, तिथेच १६३ देतो. ३२ इंची फोरके १४०च्या आसपास येतो, आणि ३२ इंची क्यूएचडी पुन्हा जुन्या २४ इंचीच्या ठिकाणी, ९२-९३ वर. ‘मोठा घेतला की बरा’ हा हिशेब इथेच फसतो.

इंग्रजीत काम करणाऱ्याला ९२ चालून जातात. मराठीचं तसं नाही. नेहमीच्या मापात ११ पॉइंटाच्या अक्षराला उंचीला सुमारे १५ पिक्सेल मिळतात. त्यात शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. वरच्या-खालच्या मजल्यांना जागा दिल्यावर मधल्या अक्षराच्या वाट्याला निम्मेच पिक्सेल येतात, आणि तेवढ्यात ‘द्ध’ बसवायचा. अनुस्वार म्हणजे तर एखाद-दुसरा करडा ठिपका. ‘रूपं’ आणि ‘रूप’ यांतला फरक त्या ठिपक्यावर उभा असतो. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक सुलेखनकार र. कृ. जोशींनी केला. त्याची अक्षरं पसरट आणि मोकळी वाटतात. त्या वेळच्या भरड पडद्यांवर ती वाचायची होती हे लक्षात घेतलं की त्या मोकळेपणाचं मोल कळतं. टंककारानं इतकं केल्यावर आपण निदान मॉनिटर तरी बरा घ्यावा.

भाच्याच्या चार लिंकांपैकी दोन २७ इंची फुल एचडी होत्या. त्या मी तिथेच खोडल्या.

यावर त्याचा प्रश्न: “पण मामा, फोरके तर पिक्चरसाठी असतं ना?” असं सगळ्यांनाच वाटतं, जाहिराती तसंच सांगतात. डोळ्याचा हिशेब वेगळा निघतो. निकोप दृष्टीचा माणूस साधारण एक कोनीय मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतपत बारकावा वेगळा ओळखू शकतो. ६० सेंटिमीटरवरून हे माप जवळजवळ ०.१७ मिलिमीटर होतं. दोन मीटरवरून ०.५८. आता २७ इंची पडद्यावर एक पिक्सेल केवढा? फुल एचडीत ०.३१ मिलिमीटर, क्यूएचडीत ०.२३, फोरकेमध्ये ०.१६. म्हणजे पलंगावरून बघणाऱ्याला फुल एचडीचासुद्धा ठिपका सुटा दिसत नाही. तिथून क्यूएचडी काय आणि फोरके काय, बारकाव्याच्या दृष्टीनं एकच. खुर्चीत बसलेल्याला मात्र फुल एचडीचे ठिपके चांगले जाणवतात, क्यूएचडीचे किंचित, आणि फोरकेमध्ये ते मिटून जातात. म्हणून २७ इंचांवर फोरकेचे जास्तीचे पैसे आपण सिनेमासाठी मोजत नसतो. ते एक्सेलच्या रकान्यांसाठी, कोडसाठी आणि अनुस्वारासाठी मोजलेले असतात.

फोरके घेतल्यावर सगळं बारीक होतं, म्हणून विंडोजच्या सेटिंगमध्ये स्केलिंग १५० टक्के ठेवायचं. तसं केलं की जागा क्यूएचडीइतकीच मिळते, अक्षरं मात्र छापल्यासारखी येतात. काही जुनी सॉफ्टवेअरं या स्केलिंगला जुमानत नाहीत. त्यांच्या खिडक्या एकतर मुंगीएवढ्या नाहीतर धुरकट दिसतात. आपलं रोजचं सॉफ्टवेअर त्यातलं आहे का ते आधी बघावं. मॅकवाल्यांची अडचण आणखी निराळी. ॲपलनं २०१८च्या मोजावेपासून अक्षरांच्या कडा लाल-हिरव्या-निळ्या उपपिक्सेलांच्या आधारानं गुळगुळीत करणं सोडलं, त्यामुळे कमी दाटीच्या मॉनिटरवर मॅकची अक्षरं धूसर दिसतात. मॅकला इंचाला २२० च्या जवळपास पिक्सेल आवडतात. ॲपलचा स्वतःचा २७ इंची स्टुडिओ डिस्प्ले २१८चा आहे, आणि त्याची किंमत ऐकून आपण पुन्हा फोरकेकडे वळतो.

आता रात्र. रात्रीची परीक्षा घ्यायला मी ‘संत तुकाराम’ लावतो. प्रभातचा १९३६चा चित्रपट, चौकट जवळपास चौकोनी, त्यामुळे आजच्या १६:९ पडद्यावर डावी-उजवीकडे दोन काळे पट्टे उरतात. खोलीतला दिवा मालवायचा आणि तुकाराम झालेल्या पागनिसांकडे न बघता त्या पट्ट्यांकडे बघायचं. आयपीएस या प्रकारचं एलसीडी पॅनेल असेल तर पट्टे काळे नसतात, राखाडी असतात, आणि एखाद्या कोपऱ्यात पिवळट उजेड झिरपलेला असतो. एलसीडीत मागचा दिवा सतत चालू असतो आणि समोरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे त्याच्यावरची झडप. आयपीएसची झडप नीट मिटत नाही. सर्वांत उजळ पांढरं आणि सर्वांत गडद काळं यांचं प्रमाण तिथे हजारास एकच्या आसपास असतं. ‘आयपीएस ब्लॅक’ नावाचा नवा प्रकार ते दोन हजारांवर नेतो. व्हीए पॅनेलची झडप घट्ट, तीन हजारांच्या पुढे, त्यामुळे पट्टे खरोखर काळे दिसतात.

मग व्हीएच का घेऊ नये? आईच्या खुर्चीसाठी. व्हीएकडे तिरकं बघितलं की रंग धुतल्यासारखे फिके होतात, काळं वर येतं. समोर बसलेल्याला मेजवानी, बाजूच्याला ताक. शिवाय स्वस्त व्हीएमध्ये अंधारातलं काही सरकलं की मागे काजळीसारखा ओघळ राहतो. रात्रीच्या पाठलागाच्या प्रसंगात तो फार खुपतो. आयपीएस तिरप्या नजरेला इमान राखतं. एकटा राहणारा, समोरून बघणारा, दिवे बंद करून सिनेमे बघणारा माणूस असेल तर मी बेलाशक व्हीए सुचवतो. घरात चौघं बघणार असतील तर आयपीएस. राखाडी पट्ट्यांवर उपाय म्हणजे मॉनिटरच्या मागे भिंतीवर उजेड पडेल असा एक मंद दिवा. भिंत उजळली की तोच राखाडी रंग डोळ्याला काळा वाटू लागतो. दोन-तीनशे रुपयांत होणारी इतकी गुणाची सुधारणा मला दुसरी माहीत नाही.

वक्र मॉनिटरचंही याच खुर्चीवर अडतं. १५००आर म्हणजे १५०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा. त्याच्या केंद्राजवळ एकाच माणसाचं डोकं बसतं. ३४ इंची रुंद मॉनिटरवर दोन पानं शेजारी-शेजारी उघडून काम करायला तो छान, पण चौघांना तो घरातल्या एकाचाच लाड केल्यासारखा वाटतो. भाच्याची तिसरी लिंक वक्र व्हीएची होती, तीही गेली.

ओलेड या सगळ्यावर जालीम उत्तर आहे. तिथे मागचा दिवाच नाही. प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो, स्वतः विझतो. पट्टे म्हणजे साक्षात अमावस्या, आणि कुठूनही बघा. पण हा रात्रीचा राजा दिवसा अडखळतो. बहुतेक ओलेड मॉनिटरांमध्ये उपपिक्सेलांची मांडणी नेहमीच्या लाल-हिरव्या-निळ्या उभ्या रांगेची नसते, काहींत ती त्रिकोणी असते. विंडोजचं अक्षर घोटवणारं तंत्र, क्लिअरटाइप, सरळ रांग गृहीत धरतं, त्यामुळे काळ्या अक्षरांच्या कडेला गुलाबी-हिरवी किनार येते. शिरोरेषेसारख्या लांब आडव्या रेषेवर ती अधिकच दिसते. दुसरं म्हणजे ठसा उमटणं. जी गोष्ट दिवसाचे आठ तास एकाच जागी उजळ दिसते, विंडोजची खालची पट्टी किंवा एक्सेलची चौकट, ती कालांतराने पॅनेलवर कायमची राहू शकते. काही कंपन्या आता त्यावर तीन वर्षांची हमी देतात, पट्टी लपवायची सोय आहेच. तरी दिवसभर वर्ड आणि एक्सेल उघडून बसणाऱ्याला मी आज ओलेड घ्यायला सांगणार नाही. दिवसा दोन तास काम आणि रात्री चार तास गेम असा माणूस वेगळा.

वेगाच्या आकड्यांवर दुकानात सर्वांत जास्त बोललं जातं, घरी त्यांचं सर्वांत कमी काम पडतं. १ मिलिसेकंद हा आकडा बहुतेक वेळा अशा सेटिंगमधला असतो जे कुणी रोज वापरत नाही. ‘दहा लाखास एक’ असलं डायनॅमिक कॉन्ट्रास्ट म्हणजे मागचा दिवा बंद करून काळं मोजलेलं. ते वाचून पुढे जावं. हर्ट्झचं मात्र एक सांगण्यासारखं आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा. ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो, आणि ६० ला २४ नं नि:शेष भाग जात नाही. म्हणून एक चौकट दोन वेळा, पुढची तीन वेळा दाखवावी लागते, आणि कॅमेरा संथपणे सरकणाऱ्या दृश्यात बारीक हिसके जाणवतात. १२० हर्ट्झवर प्रत्येक चौकट बरोबर पाच वेळा येते, हिसके संपतात. भारतातलं टीव्ही प्रसारण मात्र पूर्वापार २५ आणि ५० च्या घरातलं. मॅचचा प्रवाह ५० चौकटींचा असेल तर ६० हर्ट्झवर दर पाचवी चौकट दोनदा येते आणि सीमारेषेकडे जाणारा चेंडू अडखळतो. १०० हर्ट्झवर तो सरळ जातो. हल्ली दहा हजारांच्या आसपासचे साधे मॉनिटरही १०० हर्ट्झ देतात, आणि सेटिंगमधून पाहिजे तो वेग लावता येतो. गेम न खेळणाऱ्यानंही ६० वर थांबू नये ते एवढ्यासाठी. माउस आणि पान सरकवणं मऊ होतं हा वरकड फायदा. २४० आणि ३६० हर्ट्झ ज्यांना लागतात ते मला विचारायला येत नाहीत.

एचडीआरबद्दल, म्हणजे उजळ आणि गडद यांचा पल्ला वाढवण्याबद्दल, थोडक्यात. व्हेसा या संस्थेनं डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआरच्या पायऱ्या ठरवल्या. त्यातली खालची ४००ची. तिच्यासाठी पडद्याचा एक भाग उजळ आणि शेजारचा गडद करण्याची सोय असण्याची अट नाही. ती सोय नसेल तर एचडीआर म्हणजे सगळाच पडदा भगभगीत करणं. खोक्यावर नुसतं ‘एचडीआर १०’ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो इतकाच. दाखवतो की नाही हा वेगळा विषय. एचडीआर मी विंडोजमध्ये बंदच ठेवलं आहे आणि मला काही हुकल्यासारखं वाटत नाही. रंगांचंही असंच. १.६७ कोटी म्हणजे २५६ चा घन, तो हल्ली सगळ्यांनाच असतो. त्यापेक्षा एसआरजीबी हा नेहमीचा रंगपट्टा किती टक्के आणि त्या नावाचं सेटिंग मेनूत आहे का ते विचारावं, नाहीतर रुंद रंगपट्ट्याच्या मॉनिटरवर लग्नाच्या फोटोतली सगळी माणसं उन्हात भाजल्यासारखी लाल दिसतात.

माझी सर्वांत मोठी फजिती जोडणीनं केली. पहिला फोरके मॉनिटर घरी आणला तेव्हा “कुठलीही एचडीएमआय चालते” असं दुकानात ऐकलं होतं, म्हणून जुन्या डीव्हीडी प्लेअरची केबल ड्रॉवरमधून काढून लॅपटॉपला लावली. चित्र आलं, अक्षरं सुंदर. पण माउस शेणातून चालल्यासारखा चालायचा. पान वर सरकवलं की ओळी एकमेकींवर आदळायच्या. मी माउस बदलला. मग लॅपटॉपला व्हायरस लागला असं ठरवून एक रविवार त्यात घालवला. शेवटी सेटिंगमध्ये खोल गेल्यावर आकडा दिसला: ३० हर्ट्झ. लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ पिढीचं, आणि ती पिढी फोरके सेकंदाला ३० वेळाच दाखवू शकते. ६० साठी २०१३ची २.० पिढी लागते, १२० साठी २०१७ची २.१. पडदा, केबल आणि लॅपटॉपचं भोक, तिन्ही त्या पिढीचे हवेत; एक मागे राहिला की सगळे त्याच्या चालीनं चालतात. लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या यूएसबी-सी भोकातून चित्र जात होतं. ती केबल लावली आणि माउस धावू लागला.

याच यूएसबी-सीसाठी थोडे जास्त पैसे द्यावेत असं माझं मत आहे. एकाच वायरीतून चित्र जातं, उलट दिशेनं लॅपटॉपला ६५ किंवा ९० वॉट वीज येते, कीबोर्ड आणि माउस मॉनिटरला जोडलेले राहतात. संध्याकाळी कंपनीचा लॅपटॉप उपटायचा, घरचा लावायचा, झालं. एकाच टेबलावरून नोकरी आणि घर चालवणाऱ्याला हे १४४ हर्ट्झपेक्षा जास्त उपयोगी पडतं. घेताना एवढंच विचारायचं की हे यूएसबी-सी चित्र घेतं का आणि किती वॉट देतं. नुसतं भोक त्या आकाराचं असून भागत नाही.

“मग सरळ टीव्हीच घेऊ का, ४३ इंची?” हा प्रश्न दर दोन माणसांमागे एक जण विचारतो. फोरके असेल तर ४३ इंचांत इंचाला १०२ पिक्सेल पडतात, कागदावर ठीक आहे. पण तो पडदा ९५ सेंटिमीटर रुंद. हातभर अंतरावर बसून डावीकडची फाइल आणि उजवीकडचं घड्याळ बघताना मान टेनिसच्या प्रेक्षकासारखी फिरते. अनेक टीव्ही रंगाची माहिती अर्धी-चतकोर करून दाखवतात. सिनेमात ते कळत नाही, लाल शाईच्या दुरुस्त्या मात्र विरघळलेल्या दिसतात. त्यावर इनपुटचं नाव ‘पीसी’ करण्याचा उपाय काही टीव्हींवर चालतो. पांढरं पान बराच वेळ स्थिर राहिलं की काही टीव्ही आपोआप मंद होतात. आणि ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही मॉनिटर म्हणून लावायचा विचार मनातही आणू नये: इंचाला ४९ पिक्सेल, अनुस्वाराचा डोंगर दिसतो. उलटा मार्ग, म्हणजे मॉनिटरलाच टीव्हीची ॲपं देणं, सॅमसंगनं २०२० मध्ये आपल्या स्मार्ट मॉनिटरनं चालू केला. लॅपटॉप बंद असतानाही आईला मालिका लावता येते ही खरी सोय आहे. पण तीच सोय देणारी स्ट्रीमिंगची काडी दोन-चार हजारांत कुठल्याही मॉनिटरच्या एचडीएमआयला लावता येते, आणि पाच वर्षांनी ॲपं चालेनाशी झाली तर काडी बदलते, मॉनिटर राहतो. काडी लावणार असाल तर मॉनिटरला आवाज बाहेर काढायचं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे का बघा. आतले दोन वॉटचे स्पीकर बातम्यांपुरते ठीक. गाणी त्यांच्यावर ऐकू नयेत.

डोळ्यांची काळजी म्हणून निळा प्रकाश गाळणारे चष्मे आणि मोड फार विकले जातात. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेनं २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात असे चष्मे डोळ्यांचा ताण कमी करतात असं दिसलं नाही. डोळे चुरचुरतात ते मुख्यत: पापण्या कमी लवतात म्हणून, आणि भिंतीपेक्षा पडदा फार उजळ किंवा फार मंद असतो म्हणून. पडद्याशेजारी पांढरा कागद धरावा. पडदा त्या कागदाइतकाच पांढरा वाटेल इतपत उजेड ठेवावा. दिवसा खिडकीजवळ त्यासाठी ३०० निट्सची ताकद असलेली बरी, रात्री त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतं. मेनूची बटणं चाचपून बघावीत ती यासाठीच: दिवस-रात्र बदल दोन दाबांत झाला नाही तर आठ दिवसांनी आपण तो करणं सोडतो. खिडकी पाठीमागे नसावी, बाजूला असावी. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जराशी खाली. स्वस्त मॉनिटरचा पाय फक्त मागे-पुढे झुकतो, वर-खाली होत नाही, मग त्याच्याखाली जुने दिवाळी अंक जातात. माझ्याकडे काही वर्षं होते. आता मागच्या चार भोकांना, १०० बाय १०० मिलिमीटरच्या, जोडलेला हात आहे. दिवसा मॉनिटर माझ्याकडे ओढतो, रात्री पलंगाकडे वळवतो. दोन उलट्या मागण्यांवरचं माझं अर्धं उत्तर तो हातच आहे. मॉनिटरला तसली भोकं नसतील तर तो मी घेत नाही.

पैशांचं थोडं. २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरला १८ टक्के जीएसटी आणि त्याहून मोठ्याला २८ असा भेद होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठेही १८ वर आले, त्यामुळे ३४ इंची रुंद मॉनिटर आता पूर्वीइतके डोळ्यावर येत नाहीत. विजेचा धाक नको, २७ इंची एलसीडी छताच्या जुन्या पंख्यापेक्षा जास्त खात नाही. एखादा मेलेला पिक्सेल मात्र हमीत बसेलच असं नाही. किती ठिपके मेले की बदलून देणार हे प्रत्येक कंपनीच्या नियमात लिहिलेलं असतं. म्हणून ऑनलाइन घेतला तर खोकं उघडल्याबरोबर पूर्ण पांढरं, पूर्ण काळं, मग लाल, हिरवं, निळं पान लावून पडदा नजरेखालून घालावा, परतीची मुदत संपायच्या आत. खोकं आणि थर्मोकोल महिनाभर माळ्यावर ठेवावं, बायको काहीही म्हणो.

चौथी लिंक उरली होती: २७ इंची, फोरके, आयपीएस, यूएसबी-सी ६५ वॉट, ६० हर्ट्झ. हर्ट्झ सोडले तर सगळं जमत होतं. भाच्याला सांगितलं, तू दिवसभर तक्ते भरतोस, त्यामुळे हाच; पण मॅच हेच मुख्य असेल आणि अक्षरं इंग्रजीच असतील, तर त्याच किमतीच्या आसपास क्यूएचडी, आयपीएस, १०० किंवा १२० हर्ट्झचा शोध. आणि पलंग आठ फुटांच्या पलीकडे असेल तर २७ इंचांवर सिनेमा बघणं म्हणजे शेजारच्या गच्चीतून बघणं. सिनेमास्कोपचा चित्रपट लावला की २७ इंचांच्या साडेतेहतीस सेंटिमीटर उंचीतली पंचवीसच उरतात. तेव्हा ३२ इंची फोरके बघ, टेबल पुरेसं खोल असेल तर. म्हणून म्हटलं, आधी मोज.

रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. टेप सापडली होती.

“मामा, पावणेनऊ फूट. पण पलंग सरकवता येईल म्हणतोय मी.” मागून काहीतरी आवाज आला. “ही म्हणतेय, पलंग हलणार नाही. टेबल हलव.”